बापाचा रंग

नागपूरच्या डॉक्टरनं आईच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस राहील ते मला विचारू नका. परतीच्या एसटीत आई निवांत शेंगा सोलून खात होती. मी मात्र कासावीस झाले होते. माझा बाप कसा दिसायचा हे सांगणारी आमच्या घरात ती एकटीच उरली होती, आणि तिचेच डोळे चालले होते.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. मी एकतीस-बत्तीसची, कारध्याजवळच्या एका शाळेत मास्तरीण. बाप गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते. ताप आला आणि आठ दिवसांत संपलं, तिशीसुद्धा ओलांडली नव्हती त्यानं. छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूरला गेलेल्या गावच्या मंडळींचा एक फोटो घरी होता. त्यात मागच्या रांगेत चण्याएवढं त्याचं डोकं. एका स्टुडिओवाल्याकडून मी ते मोठं करून रंगवून आणलं होतं. त्यानं गाल गुलाबी केले, ओठ लाल केले. आई बराच वेळ बघून म्हणाली, “कोन व हा?” तो फोटो मी ट्रंकेत टाकला तो टाकलाच.

म्हणून मी तैलचित्र काढून घ्यायचं ठरवलं. नाकडोळे त्या मूळ फोटोवरून घ्यायचे, आणि आईची नजर आहे तोवर तिनं सांगायचं नि चित्रकारानं रंग जुळवायचा. भंडाऱ्यात एक म्हातारा पेंटर होता. जन्मभर त्यानं झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवले, राजवाडे आणि जंगलं. पण तरुणपणी कुणा उस्तादाकडे तो जुन्या पद्धतीनं चेहरे काढायला शिकला होता. मी विचारलं, महिन्याभरात होईल ना? तो हसला.

“मॅडम, हे पडद्याचं काम नाही. एका थरावर दुसरा थर. खालचा सुकला नाही तं वरचा लावता येत नाही. पाच थर तं लागतेच.”

मग तो आईकडे वळला. “मावशी, रंग कसा होता त्याहिचा?”

आईनं जराही विचार केला नाही. “धानाच्या रोवण्याच्या दिवसात बांधीतली माती रायते ना जी, ओली, तसा. सुकली मंग नाही. ओली.”

पेंटरनं मान डोलावली. मला वाटलं, झालं काम. एवढं सोपं असतं तर!

पहिला थर पाहायला आम्ही वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो तेव्हा कॅनव्हासवर माझा बाप राखाडी होता. राखाडी, थोडा हिरवट, डोळे उघडे. आई दारातच थबकली. “हा तं मेल्यावरचा चेहरा हाय,” ती म्हणाली. तिनं तो पाहिलेला होता, मी नाही. माझं डोकं सणकलं. मी पेंटरला ताडकन म्हटलं की असलं काही दाखवायचं होतं तर आधी सांगायचं. तो शांतपणे म्हणाला, “याच्यावरच जीव चढते, मॅडम. हा नसला तं वरचा रंग पोकळ दिसते.”

त्यानंतर सुरू झालं ते वाट बघणं. जवसाच्या तेलात चिमूटभर रंग कालवायचा, इतका पातळ की आईला ते हळदीचं पाणी वाटलं, आणि तो राखाडीवर हलक्या हातानं पसरवायचा. खालचं सगळं दिसायचं, तरी चेहरा बदललेला असायचा. आधी पिवळसर, मग तांबूस, मग तपकिरी. दर थराला पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. मी शाळेत पोरांचे पाढे ऐकत असायचे आणि मनात दिवस मोजत असायचे. पोरं चुकली तरी माझ्या लक्षात येत नसे, आणि उगाचच कुणावर तरी खेकसायचे. इकडे आईला हळूहळू नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढंच दिसू लागलं. दाराची चौकट खांद्याला लागायची. एके सकाळी तिनं चहा कपाच्या बाहेर ओतला आणि पदरानं पुसून घेतला, मी पाहिलं नाही असं समजून.

चौथ्या थराला मी तिला विचारलं, रंग जमला का? ती चित्राच्या अगदी जवळ गेली, मान फिरवत कपाळापासून हनुवटीपर्यंत तुकड्या-तुकड्यानं पाहून आली.

“रंग बराबर हाय,” ती म्हणाली. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. पण घरी परतताना पुलावर ती एकदम म्हणाली, “किती लहान दिसते व तो. तुह्याहून लहान. मी त्याच्या बाजूले उभी रायली तं लोक माय-लेक म्हनतीन.”

“तूच सांगितलास ना रंग? आता वयाचं काय काढून बसलीस?” मी तोडून टाकलं. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

पाचवा थर लागला तोवर आषाढ आला होता. हवेत इतका ओलावा की मीठ पाझरायचं. वीस दिवस झाले तरी बोट लावलं की चिकटायचं. पेंटर म्हणे, अजून महिना. मी भांडले आणि चित्र तसंच ओलं घरी आणलं. निघताना त्यानं बजावलं, “उन्हात ठेवू नका, हवेवर ठेवा.” उन्हात नाही, एवढंच मी ऐकलं.

पावसाळ्यात आमच्याकडे जे काही सुकत नाही ते चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर जातं. मोहफुलं, बियाणं, पोरांच्या लंगोट्या. पिढ्यान्‌पिढ्या असंच सुकवत आलोत आम्ही. मी लाकडं ओढून घेतली, धूर नको म्हणून नुसते निखारे ठेवले, आणि बापाला उताणा ताटीवर चढवला. स्वतःच्या अकलेवर खूशसुद्धा झाले. संध्याकाळी उतरवून पाहिलं तर तापल्या दुधावरची साय आकसावी तसा वरचा थर आकसला होता. कपाळावर, डोळ्यांच्या कडांना, तोंडाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक चुण्या. मी खाली बसले आणि कपाळ बडवून घेतलं. चार महिने गेले होते, आणि चार महिन्यांची नजर.

आईला मी सांगितलं, अजून ओलं आहे, हात लावू नको. चित्र एका जुन्या धोतरात गुंडाळून कणगीमागे उभं केलं. दुसऱ्या दिवशी वैनगंगेला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, आणि तीन दिवस मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. आई दोनदा म्हणाली, “आनलं तं दाखव ना.” मी दोन्ही वेळा विषय बदलला.

पाणी उतरल्यावर मी चित्र काखेत मारून निघाले, तर ही माझ्या आधी चपला घालून उभी. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पेंटरनं कापड सोडलं, चित्र उजेडाकडे धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“आग दाखवली?”

मी मान खाली घातली. तो रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाला, वरचा थर पुसून काढतो, त्यात खालचाही थोडा जाईल, म्हणून दोन थर पुन्हा देतो, दोन-अडीच महिने धरा. एवढे दिवस आईपाशी होते की नाही कुणाला ठाऊक. तरी मी म्हटलं, पुसा. त्यानं टर्पेंटाइनची बाटली उघडली, चिंधी भिजवली.

“थांबा जी,” आई म्हणाली. “पयले मले पाहू द्या.”

ती चित्रापाशी गेली. नेहमीसारखी कपाळापासून सुरुवात केली. डोळ्यांच्या कडांपाशी थांबली, गालावर उतरली, परत वर गेली. मी घाईघाईनं सांगायला लागले की माझी चूक झाली, मीच चुलीवर ठेवलं, त्यांचा काही दोष नाही. तिनं हातानं मला गप्प केलं. “हा म्हातारा झाला व,” ती म्हणाली. आणि हसली. मग म्हणाली, “येवढे वर्स मी एकलीच म्हातारी होऊन रायली होती.”

पेंटरनं चिंधी खाली ठेवून बाटलीला बूच लावलं. थंडी पडायच्या आत आईची नजर पूर्ण गेली. तोवर रोज सकाळी ती पाट ओढून चित्रासमोर बसून चहा प्यायची, आणि मला शाळेला उशीर होत असला तरी मी तिला हाक मारत नसे.