हे वाक्य कोणाचे?

आणीबाणी उठली त्या वर्षी मराठीतली एम.ए. आणि वकिलीची नवीकोरी सनद घेऊन मी ॲड. सुमनताईंच्या नाशिकच्या कचेरीत दाखल झाले. ताईंनी दोन्ही कागद पाहिले. म्हणाल्या, "सनद उपयोगी पडेल."

नवऱ्याच्या माराने घर सुटलेल्या बायका त्यांच्याकडे येत. बाई बोलेल तसे ताई लिहून घेत आणि तिलाच वाचून दाखवीत. "लय हाणलं"चे मी "अमानुष मारहाण केली" असे केले की विचारीत, "हे वाक्य तुझं की तिचं?"

मला तो हट्ट वाटे. घोटीच्या हिराबाईंच्या अर्जापर्यंत.

नवऱ्याने हात मोडून हिराबाईंना घराबाहेर काढले होते आणि सात वर्षांची यमुना ठेवून घेतली होती. हात पडून मोडला, असे त्याचे म्हणणे. मुलीचा ताबा ठरवण्यापूर्वी न्यायाधीश दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर तिच्याशी चेंबरमध्ये बोलणार होते. बाप पानटपरीवर गेला तेवढ्यात मी तिच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतले.

"बाळ, तुला कुठं राहायचंय?" न्यायाधीशांनी विचारले.

"मला मातृप्रेमाची नितांत आवश्यकता आहे," यमुना एका दमात म्हणाली.

विरुद्ध बाजूचे वकील हसले. "साहेब, घोटीच्या पोरी आता व्याख्यानं देतात!"

न्यायाधीश हसले नाहीत. पढवलेल्या मुलीचे पुढे कोण ऐकणार? अर्ज माझ्यामुळे बुडत होता.

ताई उठल्या. "हे वाक्य आमचं आहे, साहेब. माझ्या ज्युनियरनं शिकवलं, जबाबदारी माझी. आता मुलीला काही विचारू नका. फक्त आईला आत येऊ द्या."

हिराबाई आल्या. यमुनेने त्यांच्या हाताकडे पाहिले.

"आये, बानं लाकडानं हाणलं तिथं अजून दुखतंय का गं?"

"नाय गं बाय."

"मंग माझी येणी घालशील?"

न्यायाधीशांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. महिन्याभराने यमुना आईकडे आली.

ताई मला रागावल्या नाहीत. त्या दिवशी बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "एम.ए., तिला खाऊ घेऊन दे. उगीच पाठांतर करायला लावलंस."

यमुना आता डी.एड. करते. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी हिराबाईंकडे शुभेच्छा मागितल्या. त्या म्हणाल्या, "ताईंला लय औक्ष मिळू दे. अन् त्यांचं गुडघं दुखू नये."

दुरुस्तीसाठी मी पेन उचलले होते. पण त्यांच्या बोलण्यात एकही शब्द बदललेला नाही. वाक्य हिराबाईंचे आहे. त्याखाली सही मात्र मीही करते.