दहा मार्चचा फळा

बाइंडरकाका माणसाचं नाव विचारण्याआधी जन्मतारीख विचारत.

खडू हातात घेतला की आधी मधोमध मोडत. अख्खा खडू किंचाळतो म्हणत.

फळा डस्टरने पुसत नसत. ओल्या फडक्याने पुसत, आणि तो वाळेपर्यंत समोर उभे राहत, चुलीवर दूध ठेवल्यासारखे.

चहाचा एक घोट घेऊन कप बाजूला सारत. पार गार झाला की "आता जमलं" म्हणत एका दमात संपवत.

बोटांना लागलेली खळ पुसत नसत. वाळली की सोलून काढत. बोलायचं नसलं की हे सोलणं जरा जास्तच वेळ चाले.

नदीच्या पलीकडे कधी जात नसत. कोणी बोलावलं तर म्हणत, "तिकडे माझं काय काम?"

एवढं तिने नऊ महिन्यांत पाहिलं होतं. साहित्याची पदवी घेऊन ती वाचनालयात जुन्या पुस्तकांची नोंदणी करायला लागली होती. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तिचं टेबल बाइंडिंगच्या खोलीत टाकलं गेलं. एका बाजूला तिचा संगणक, दुसऱ्या बाजूला काकांचं पुस्तकं दाबायचं यंत्र, दाभण, दोऱ्याची रिळं आणि पुठ्ठ्यांची थप्पी. पहिल्या दिवशी काकांनी तिची जन्मतारीख विचारली, सांगितल्यावर त्या तारखेला बुडालेल्या एका जहाजाची माहिती दिली आणि वर म्हणाले, "पण तुझा काही दोष नाही." त्या दिवसापासून तिचं नाव पदवीधर पडलं.

काका सातवी शिकलेले. बाकीचं शिक्षण शिवायला आलेल्या पुस्तकांवर झालेलं. पान वाचल्याशिवाय टाका घालत नसत, त्यामुळे काम मागे पडे आणि ग्रंथपालबाई चिडत. पण दाराशी टांगलेला फळा काकांचाच, यावर कोणाचं दुमत नव्हतं. रोज सकाळी साडेआठला काका त्यावर चार ओळी लिहीत. आजच्या तारखेला जगात काय काय घडलं ते. पेपर वाचायला येणारी मंडळी आधी फळ्यापाशी थांबत.

"काय काका, आज कोण गेलं?" गणिताचे निवृत्त मास्तर विचारत.

"आज कोणी गेलं नाही. आज एक्स-रे सापडला. हाडं दिसायला लागली, माणूस अजून दिसायचाय."

याच मास्तरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा चारचौघांत काकांच्या हातातला खडू घेऊन एक चुकलेलं साल खोडलं होतं. काकांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून नियम झाला: दोन पुस्तकांत सापडलं तरच फळ्यावर, नाहीतर डोक्यात.

मार्च महिन्यात तिने काकांची तारखांची वही चाळली. प्रत्येक तारखेला सात-आठ नोंदी. दहा मार्चला मात्र एकच. १८७६, टेलिफोनवरून पहिलं वाक्य बोललं गेलं. काकांना ते वाक्य फार आवडायचं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला इकडे ये, भेटायचंय म्हणून मारलेली ती हाक होती. "एवढं मोठं यंत्र केलं," काका म्हणत, "आणि पहिलं काम काय, तर हाक."

तिला वाटलं, एकच ओळ बरी दिसत नाही. वाचनालयात पेपरांच्या जुन्या फायली होत्याच. दहा मार्चला ती काकांच्या आधी आली, टेलिफोनची ओळ लिहिली आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत दुसरी. सेहेचाळीस वर्षांपूर्वी आजच्या दिवशी नदीवरचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळून अकरा मजूर ठार.

काका आले. फळ्यासमोर उभे राहिले. ती कौतुकाची वाट बघत होती.

"कुठे मिळालं?"

"फायलीत. बारा मार्चच्या अंकात."

"अकरा मार्चचा पाहिलास?"

"नाही."

"बघ."

ती आत गेली. अकरा मार्चच्या अंकात पहिल्याच पानावर होतं, बारा ठार. खाली बारा नावं. सातवं नाव बाइंडरकाकांचं होतं.

ती बाहेर आली तेव्हा काकांनी दुसरी ओळ पुसली होती.  दुपारी बोटांवरची खळ सोलत ते एकदम बोलायला लागले.

"मी सतरा वर्षांचा होतो. पुलावर कामाला होतो. त्या दिवशी ताप चढला. एक खाडा झाला की काम जायचं. भाऊ दोन वर्षांनी मोठा, तेव्हा रिकामाच. म्हणाला, तुझा हजेरीचा बिल्ला दे, तोंड कोण बघतंय. बिल्ला लावून गेला. पूल पडला. बारा बिल्ले परत आले नाहीत, बारा नावं छापली. त्यात मी."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी भावाला शोधत साइटवर गेलो. हजेरी कारकुनाने नाव विचारलं. सांगितलं. तो दचकला. मग हसला. मेलेल्यांच्या यादीतलं माझं नाव खोडलं आणि म्हणाला, जा, नशीबवान आहेस."

"आणि भाऊ?"

"त्याचंही सांगितलं कारकुनाला. म्हणाला, त्याचं नाव हजेरीत दाखव. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर काम म्हणजे गुन्हा, दोघांनाही आत टाकीन. मी घाबरलो. गप्प झालो." काकांनी बोट दिव्याकडे धरून पाहिलं. सोलायला काही उरलं नव्हतं. "अकरा जण सापडले होते. कागदावरही अकराच उरले. हिशोब जुळला. त्या संध्याकाळी शोध थांबवला."

 पाच वर्षं ती पुस्तकांतली दुःखं उलगडून दाखवायला शिकली होती.

"काका, मग बारा लिहा ना. तुम्हीच साक्षीदार."

"कसला साक्षीदार? मी अंथरुणात होतो. भाऊ पुलावर पोचला हे मी पाहिलेलं नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, वाटेतूनच गेला असेल कुठेतरी कामाला, येईल." त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "दोन कागद आहेत. एकात मी मेलोय, दुसऱ्यात तो नाहीच. कुठला लावू फळ्यावर?"

म्हणजे हवा होता एक माणूस, ज्याने त्या सकाळी त्याला पुलावर पाहिलं असेल. तिने जखमींची यादी काढली. त्यात काँक्रीटच्या मिक्सरवरचा एक जण होता. आडनाव चारचौघांत न ऐकलेलं. त्या आडनावाचे जेवढे फोन सापडले तेवढे तिने लावले. दोन दिवसांनी एका सूनबाईंनी उचलला.

"आहेत ना मामंजी. ऐंशी उलटलीत. कान गेलेत, डोकं अगदी शाबूत. त्या पुलावर कोण किती वाजता आलं ते आजही आम्हाला जेवताना ऐकवतात. या की एकदा, मला तेवढीच सुटका."

ती उड्या मारतच खोलीत आली. काकांनी ऐकून घेतलं, पत्ता दोनदा विचारला. पलीकडच्या काठावर, बसने चाळीस मिनिटं.

"बस पुलावरून जाते," काका म्हणाले.

"दुसरा रस्ता?"

"नाही."

"मग मी जाऊन येते."

"नको. विचारायचं मला आहे. पत्र लिहितो. ऐकू येत नाही म्हणतेस, वाचता तर येईल."

त्यानंतर रोज ती विचारायची, झालं का पत्र? रोज काही ना काही निघे. कागद बरा नाही. पेन गळतंय. एकदा खरं बोलले. "त्याने लिहिलं, नाही पाहिलं, तर? आत्ता निदान कोणी नाही म्हणालेलं नाही."

अकराव्या दिवशी संध्याकाळी तिचा धीर सुटला.

"एका पत्राला अकरा दिवस! परीक्षेत तीन तासांत चाळीस पानं लिहायचे मी."

"म्हणून तर धड नोकरी लागली नाही," काका म्हणाले. दोघंही हसले. काकांनी ओलं फडकं घेतलं आणि ते फळा पुसायला गेले. ती बसची वेळ झाली म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी फळा कोरा होता. पेपरवाली मंडळी दाराशी घुटमळत होती.

"आज जगात काहीच झालं नाही वाटतं," मास्तर म्हणाले. कोणी हसलं नाही. मास्तरही नाही.

ती काकांच्या खोलीवर गेली. सायकलच्या दुकानावरची एक खोली. दुकानदाराने कडी काढायला मदत केली. काका भिंतीकडे तोंड करून झोपले होते. उशाशी गार चहा होता. डॉक्टर म्हणाले, पहाटे कधीतरी गेले असावेत, झोपेतच. मग त्यांनी फॉर्म काढला आणि विचारलं, तुम्ही कोण यांच्या? ती म्हणाली, एका खोलीत काम करतो. डॉक्टरांनी ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

मास्तर मागून धापा टाकत जिना चढून आले. काकांना बघून खाली बसले. 

टेबलावर पुठ्ठ्याच्या तुकड्याला चिमट्याने कागद लावलेला होता. अक्षर फळ्यावरचंच, फक्त लहान.

"सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. त्या वर्षी पुलावर मी खडी वाहायला होतो, तुम्ही मिक्सरवर. मी तेव्हा बारीक होतो, लक्षात नसेन. दहा मार्चला मी आलो नव्हतो. माझा बिल्ला लावून माझा मोठा भाऊ आला होता. माझ्याहून उंच. डावखुरा. घमेलं डाव्या खांद्यावर घ्यायचा, त्यामुळे रांगेत वेगळा दिसला असेल. त्या सकाळी तुम्ही त्याला"

पुढे कागद कोरा होता. शेजारी पाकीट होतं. त्यावर पत्ता पूर्ण लिहिलेला होता आणि तिकीटही चिकटवलेलं होतं.