कोरं सोडायचं नाही

चनबसप्पा मास्तरांचं अक्षर वाईट होतं, आवाज फाटका होता आणि पदार्थविज्ञानाची त्यांना स्वतःला फार गोडी होती असंही नाही. तरी बाळीवेशीपासून स्टेशनापर्यंत ज्याच्या घरात मॅट्रिकला बसलेलं पोर असेल, त्याला मास्तरांचं घर ठाऊक असायचं. कारण मास्तर शास्त्र शिकवत नसत, परीक्षा शिकवत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे आणि त्यांना ते कौतुकच वाटे. मी त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. मॅट्रिकच्या निकालात माझ्या विषयाला कुत्रं विचारत नसे, त्यामुळे मला खरं बोलायची मुभा होती.

मास्तरांची शिकवण अशी: पेपर हातात आला की टाक खाली ठेवा आणि आधी शेवटपर्यंत वाचा. येतं ते पहिल्यांदा उरका, अडेल ते मागाहून. आकृती मोठी काढा. पेपर तपासून डोळे शिणलेल्या माणसाला आकृती बरी वाटते. आणि या सगळ्याच्या वर एक, कोरं सोडायचं नाही. गणित सुटत नसेल तर सूत्र लिहा, सूत्र आठवत नसेल तर व्याख्या लिहा, तीही नसेल तर जवळपासचं काहीतरी लिहा. "रिकाम्या जागेला मार्क देणारा परीक्षक अजून आईच्या पोटातून आला नाही," असं ते म्हणत. धुळाप्पा नावाच्या एका पोरानं हवेच्या दाबाच्या प्रश्नाला थर्मामीटरचं वर्णन लिहिलं आणि काठावर पास झाला, ही कथा दर वर्षी नव्या पोरांना मीठमसाला लावून सांगितली जाई. गावात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

इलाहीबक्ष हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. बाप चांदसाब टांगा हाकायचा. एका पावसाळ्यात मास्तरांचा पाय मोडला, तेव्हा पाय बरा होईपर्यंत चांदसाबनं त्यांना घर ते शाळा आणलं-नेलं आणि पैशाचं नाव काढलं नाही. त्या उपकाराची फेड म्हणून मास्तर इलाहीला घरी बसवून शिकवत. पोरगा मॅट्रिक झाला, शास्त्रात शाळेत पहिला आला. पण तोवर स्टेशनासमोर मोटारी उभ्या राहू लागल्या होत्या, आणि चांदसाबचं घोडं पोटशूळानं मेलं. दुसरं घोडं काही आलं नाही. त्या वयात चांदसाब स्टेशनावर लोकांच्या ट्रंका डोक्यावर घ्यायला लागला. इलाही मॅट्रिकचा कागद घेऊन हापिसं झिजवत होता.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात विजेच्या कारखान्यात एका शिकाऊ माणसाची जागा निघाली. एकच जागा, पण मिळाली तर जन्माचं भलं. निवडीसाठी पदार्थविज्ञानाची परीक्षा होती, आणि कारखान्याच्या साहेबानं तीही नव्या तऱ्हेची काढली होती. जाहिरातीत लिहिलं होतं की प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतील, त्यातल्या एकावर खूण करायची. लिहायचं काहीच नाही.

मास्तर हरखून गेले. "अरे चितारी, इथं परीक्षकच उत्तर सांगतोय!" ते मला म्हणाले. मला ते चितारीच म्हणत. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडचे ड्रॉइंगचे कागद उचलून नेले आणि त्यावर चार-चार उत्तरांचे प्रश्न पाडायला बसले.

त्यांच्या पडवीत सराव चालायचा. मी कधी जाऊन बसे.

"लोखंडी रूळ उन्हात तापला," मास्तर वाचत. "लांबतो, आखडतो, तसाच राहतो, वजनानं वाढतो. बोल."

"लांबतो की," इलाही म्हणे.

मग एखादा प्रश्न डायनॅमोचा येई. तो मॅट्रिकच्या पुस्तकात नव्हता. इलाही मान हलवी.

"ह्ये मला म्हाईत न्हाय, मास्तर."

"मग खूण कुठं करशील?"

"करनारच न्हाय. म्हाईत न्हाय तर कशी करू?"

बाप तसाच होता. कुणी अनोळखी पत्ता विचारला तर चांदसाब सरळ सांगे, मला ठावं न्हाय, दुसरा टांगा बघा. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "ही टांगेवाल्याची खोड परीक्षेत चालत नाही, बाबा! दोन उत्तरं तर वेड्यालासुद्धा कळावी अशी खोटी असतात, ती आधी खोड. राहिली दोन. त्यातलं जे मनात पहिल्यांदा आलं ते धर, आणि एकदा धरलं की बदलू नकोस."

"आन् खोटं निगालं तर?"

"निघालं तर निघालं. तुझ्या बापाचं काय जातंय?"

त्यावर इलाही हसला. मीही हसलो. तर्कात कुठं खोट आहे असं मलाही वाटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मास्तर मला ओढून कारखान्याच्या फाटकाशी घेऊन गेले. इलाहीनं धुवट सदरा घातला होता. मास्तरांनी तळहात पुढे केला. "हातावर हात मार. एकही कोरं सोडणार नाहीस."

पोरगं क्षणभर घुटमळलं. मग त्यानं हात मारला. "न्हाय सोडनार, मास्तर."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मास्तरांनी आधी तेच विचारलं, काही सोडलंस का? तो नाही म्हणाला. मास्तर खूश झाले आणि त्यांनी आम्हाला भजी खाऊ घातली. इलाहीनं भज्यांना हात लावला नाही. दमला असेल, असं म्हणून त्याचीही भजी मीच संपवली.

निकाल लागला आणि जागा हिंदुराव नावाच्या दुसऱ्याच उमेदवाराला मिळाली. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "वशिला! दुसरं काही नाही!" असं म्हणत ते भर दुपारी मला घेऊन कारखान्याच्या कचेरीत गेले. तिथला हेडक्लार्क रावजी म्हणून एक शांत माणूस होता. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि परीक्षेचा एक कोरा पेपर आमच्यापुढे ठेवला.

पेपरच्या अगदी वर इंग्रजीत दोन ओळी ठळक छापल्या होत्या. बरोबर उत्तराला एक गुण मिळेल, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जाईल. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न सोडून द्यावा.

"तुमच्या मुलाची बरोबर उत्तरं सगळ्यांत जास्त होती," रावजी म्हणाला. "पण त्यानं एकही प्रश्न सोडला नाही. चुकलेल्यांनी बरोबरची खाऊन टाकली. हिंदुरावनं येत होते तेवढेच प्रश्न सोडवले, बाकीचे कोरे ठेवले."

मास्तरांनी त्या दोन ओळी ओठ हलवत पुन्हा पुन्हा वाचल्या. मला त्यांची दया आली आणि संतापही आला. बाहेर उन्हात ते पाय ओढत चालले. मग एकदम थांबले. "पोरानं वरचं वाचलंच नाही! पहिला धडा काय दिला होता मी? आधी पेपर वाच! हजारदा सांगितलं!" एवढं सापडल्यावर त्यांच्या पायात बळ आलं. मी म्हटलं, आता घरी चला. ते ऐकायला तयार नव्हते, तडक चांदसाबच्या घरी गेले.

चांदसाब उंबऱ्यात मान चोळत बसला होता. इलाही आत होता. मास्तरांनी त्याला बाहेर बोलावलं आणि आईबापांसमोर झाडायला सुरुवात केली. "मूर्खा, पेपरच्या वर काय लिहिलं होतं ते वाचायचं नव्हतं? डोळे फुटले होते काय तुझे?"

"वाचलं हुतं, मास्तर," इलाही म्हणाला.

"वाचलं होतंस?"

"व्हय. दोनदा वाचलं. कळलं बी हुतं."

"मग?"

"पर तुमच्या हातावर हात मारला हुता की."

त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला मान वर करवेना. चांदसाब म्हणाला, "जबान दिली हुती मास्तर त्यानं. ती मोडून नोकरी घ्यायची म्हंजे काय खरं न्हाय." त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. इलाहीची आई मदिनाबी पदर सावरत चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पुढची परीक्षा कवा हाय, मास्तर? तुमी सांगाल तसंच करंल त्यो."

मास्तरांनी चहा हातात घेतला आणि तो तसाच खाली ठेवला.

त्यानंतर त्यांनी पोरांना युक्त्या सांगणं बंद केलं. पुस्तकातलं वाचून दाखवत आणि घंटा झाली की निघून जात. निकाल घसरले. मास्तर म्हातारे झाले, असं लोक म्हणू लागले. इलाही मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात लागला. भोंगा झाला की पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन घरी जाताना दिसायचा, आणि पुढं पुढं खोकायलाही लागला.

तीन-चार वर्षांनी एका रविवारी मी मास्तरांकडे बसलो असताना तो धाकट्या बहिणीला घेऊन आला. अनवरीला सातवीच्या परीक्षेला बसवायचं होतं, पुढं शाळामास्तरीण करायची होती. "हिला बी तुमीच शिकवा," तो म्हणाला.

"मला जमणार नाही," मास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "दुसरा कुणी बघ."

इलाही एक पाऊल पुढं आला. मग हात जोडून हळूच म्हणाला, "त्या परीक्षेचा राग अजून हाय का, मास्तर? लई नाव हुतं तुमचं. माझ्यापायी गेलं. पोरीवर नका काढू."

मी मास्तरांकडे बघत होतो. तुझं काही चुकलं नाही रे, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं.  पण ते उठून आत गेले, आणि त्यांच्या बायकोनं, गंगव्वांनी, बाहेर येऊन पोरीच्या हातावर साखर ठेवली.