उंचीचा रकाना

“टाचा भित्तीला. हनुवटी सरळ. लबाडी न्हाय करायची.”

आमच्या शाळेतले पी.टी.चे सर दर जूनमध्ये प्रत्येक मुलाला हे ऐकवत. स्टाफरूमबाहेरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः लाल ऑइलपेंटने सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. पोर भिंतीला लागलं की ते आधी वाकून टाचा बघत, मग डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरत. आकडा वहीत गेला की त्याच पट्टीने पाठीवर हलकी टपली. पोरं उंच दिसायला टाचा उचलतात, तेवढ्यावर सरांचा कडक पहारा.

सर मूळचे साताऱ्याकडचे, राहायला शाळेजवळच्या शिरवणे गावात. आम्ही शिक्षिका त्यांना जरा हसायचो. नव्वदच्या दशकातलं ते नवी मुंबईतलं नेरूळ. नव्या इमारती, नवे फ्लॅट आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये एक होऊ घातलेला डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. तिथे उंची मोजणाऱ्या माणसाला कोण विचारतं? प्रगतिपुस्तकाच्या तळाशी उंची-वजनाचा रकाना असायचा, मागच्या वर्षीच्या आकड्यासकट. तुम्हीही अशा पुस्तकांवर सह्या केल्या असतील. खरं सांगा, तो रकाना कधी वाचलात?

पालकसभेत सर उभे राहून सांगत, “खालचा रकाना बी वाचत जावा. मार्कं काय, खालीवर हुत्यात. पोर वाढलं न्हाई तर मातूर कायतरी बिनसलंय समजायचं.” पालक घड्याळ बघत बसत.

सर आकड्यांची चिठ्ठी वर्गशिक्षकांना देत, आम्ही ती पुस्तकात उतरवून घ्यायचो. माझ्या वर्गात मेघना होती. सातवीत पहिल्या पाचात, उंची एकशे चौतीस. आठवीच्या चिठ्ठीतही एकशे चौतीसच. मला वाटलं, सरांनी मागचाच आकडा टाकलाय. ढीगभर पुस्तकं भरायची होती. मी बिनदिक्कत एकशे सदतीस लिहिलं. पुढच्या वर्षी वर्गाबरोबर मीही नववीला गेले आणि चिठ्ठी आली एकशे पस्तीस. आता उतरती उंची कशी दाखवणार? एकशे एक्केचाळीस करून टाकली.

“ह्या पोरीच्या आईबापाला तेवढा रकाना दाखवा,” सर म्हणाले होते.

“पुस्तकात लिहिलंय की,” मी म्हणाले.

तोवर मेघना मंदावली होती. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. वर्गात पंखे फिरूनही आम्ही घामाघूम आणि हिच्या अंगात स्वेटर. फळ्यावरचं उतरवायला तिला दुप्पट वेळ लागे. पेंगायची. मी तिला सगळ्यांसमोर कुंभकर्ण म्हणाले आणि वर्ग हसला, हेही लिहून टाकते.

वडील तुर्भ्याला एका कंपनीत सुपरवायझर. मार्क घसरले तसा त्यांनी दुसरा क्लास लावला, तिला पहाटे चारला उठवायला लागले. मला येऊन सांगितलं, “बाई, पोरगी कामचुकार झालीय. तुम्ही मारा, आमचं काही म्हणणं नाही.”

घसरलेले मार्क दाखवायला ते प्रगतिपुस्तक घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तळाचा रकाना पाहिला, “वाढ तर छान आहे, अभ्यासाचं टेन्शन असेल,” म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं. सर इतकी वर्षं रकाना वाचा म्हणून घसा कोरडा करत होते. शेवटी एकाने वाचला, तर त्यात माझा खोटा आकडा होता.

जानेवारीत सरांनी तिला मुद्दाम पुन्हा भिंतीला उभी केली. पट्टी पस्तीसवरच थांबली. त्यांनी तिचं पुस्तक मागवलं आणि माझ्यासमोर उघडून धरलं.

“बाई, ही सहा सेंटिमीटर कुठनं आनली?”

“मला वाटलं, तुमचं मोजताना चुकलं.”

“मग मला इचारायचं. पोरीला कशापायी वाढवली?”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी वही घेऊन ते मेघनाच्या घरी गेले. मीही गेले. आकडे माझे आहेत, हे मी सांगितलं, पण इतक्या हळू की बहुधा कुणी ऐकलं नाही.

“सर, तुम्ही पी.टी. शिकवता ना?” वडील म्हणाले. “दहावी होऊ दे, मग बघू.”

सर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. “डाक्टरकडं कवा नेताय ते सांगा, मग उठतो.” शेजारची दारं उघडायला लागली. सोसायटीत शोभा नको म्हणून वडील कबूल झाले.

वाशीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. तिच्या रसावर शरीराची ऊब, पचन, डोकं, वाढ, सगळं चालतं. तो कमी पडला की माणूस मंदावतो, हा आळस नव्हे, असं त्यांनी समजावलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. अधूनमधून रक्त तपासून तिचं प्रमाण ठरवायचं, बरं वाटलं तरी थांबवायची नाही. “आधी आला असता तर उंची भरून निघाली असती,” ते म्हणाले. “आता मिळेल तेवढी.”

वडिलांनी एकच विचारलं, “मार्क कधी वाढतील?”

मार्क वाढले. स्वेटर गेला. मेघना जिने पळत चढायला लागली. दहावीचा निकाल लागल्यावर वडील पेढे घेऊन शाळेत आले, ते माझ्याकडे. सरांचं नावही निघालं नाही. मी पेढा खाल्ला.

सर तेव्हा शाळेत नव्हतेच. पी.टी.चे तास गणिताला दिले गेले, मग सर कशाला हवेत? जाताना त्यांनी लाकडी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. “टाचा बघत जावा, बाई.” टोमणा होता की निरोप, मला अजून कळलेलं नाही. भिंतीला नवा रंग लागला, खुणा झाकल्या गेल्या आणि तिथे गुणवंतांचा फळा आला.

मेघना दाखला घ्यायला आली, तेव्हा फळ्यावर तिचं नाव होतं. तिने आधी सरांची चौकशी केली. ते गावी गेले, मी सांगितलं. मग ती फळ्याशेजारी पाठ टेकवून उभी राहिली.

“बाई, तुम्ही मोजा ना.”

मी वाकून टाचा बघितल्या. टेकलेल्या होत्या. डोक्यावर पट्टी धरली, पेन्सिलीने खूण केली, टेप लावली.

एकशे चाळीस. मी तिला नववीतच एकशे एक्केचाळीस करून ठेवली होती.