ज्याचा टॅग त्यानंच काढायचा

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या कारखान्यांतली शिस्त एका पारड्यात घातली आणि दुसऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बसवले, तर काकांचं पारडं जमिनीला टेकेल. महाळुंग्याच्या एका कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं मशीन दुरुस्तीचं काम केलं. निवृत्त होताना त्यांनी कंपनीला फक्त गेटपास परत केला. बाकी अख्खी कंपनी ते देहूरोडच्या आमच्या इमारतीत घेऊन आले. त्यांच्या दाराबाहेर पिवळ्या रंगाने चौकटी आखल्या आहेत आणि चपला त्या चौकटीतच काढाव्या लागतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, उलथनं, किसणी यांच्या काळ्या आकृत्या रंगवल्या आहेत, म्हणजे वस्तू जागेवर नसली की लांबूनच कळावं. भाजी आणायला निघाले तरी ते काकूंना शिफ्टचा चार्ज देऊन जातात: "कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, एक ऱ्हायलीय. दूध तापवून ठेवलंय. लक्ष असू दे." काकू म्हणतात, "अहो, मी काय सेकंड शिफ्टची कामगार आहे का? जा आता, मेथी संपेल."

बिघाड कुठलाही असो, काका ओळीने पाच वेळा "का?" विचारतात. नववीत माझे गणिताचे मार्क घसरले, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. मार्क कमी का? अभ्यास झाला नाही. का? वर्गात झोप येते. का? रात्री जागते. का? पत्रकांच्या घड्या घालते. पाचव्या 'का'ला माझे बाबाच उठून बाहेर गेले, कारण पत्रकं त्यांच्या चळवळीची होती. मी अशा घरात वाढले. आमच्याकडे पाहुण्याला आधी पत्रक आणि मग पाणी मिळतं. हुकूम कुणाचाही असो, तो तपासून घ्यायचा आणि पटला नाही तर मोडायचा, हे मी बाराखडीबरोबर शिकले.

फक्त एका हुकमापुढे माझं काही चालत नाही. काका ज्या वस्तूचं काम हाती घेतात, तिला लाल पुठ्ठ्याचा टॅग अडकवतात. त्यावर 'हात लावू नये' आणि खाली सही. तो टॅग जो लावतो त्यानंच काढायचा, हा नियम. एकदा पाण्याच्या मोटरवर टॅग लावून ते गावी गेले, तर अख्ख्या इमारतीनं दोन दिवस बादल्या वाहिल्या, पण टॅगला कुणी बोट लावलं नाही. कारण काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. ऐन तरुणपणी, आधीच्या एका कारखान्यात, त्यांचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये असताना शिफ्ट बदलली आणि नव्या माणसानं बटण दाबलं. कागदोपत्री 'कामगाराचा निष्काळजीपणा' अशी नोंद झाली. हे ऐकून मी पेटले होते. यावर पत्रक काढायचंच, असं मी म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "काढ की. पन आधी मशीनवर पाटी लाव. त्या पोरानं काय मुद्दाम न्हाई केलं. मशीनमदी मानूस हाय, ह्ये त्याला सांगायला कायच न्हवतं."

गेल्या वर्षी एका रविवारी या नियमानं माझा घामटा काढला. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या सात बायकांच्या मुलाखती मी मोबाइलवर घेतल्या होत्या. नाव जाईल, काम जाईल, या भीतीनं त्या आधी बोलतच नव्हत्या. महिनाभर त्यांच्या घरी जाऊन बसले, तेव्हा बोलल्या. मोबाइल भरला म्हणून सगळं कॉम्प्युटरवर टाकून मी तो रिकामा केला होता. दुसरी प्रत नव्हती. संध्याकाळी सहाला जवळच्या बुद्धविहारात त्या मुलाखतींची फिल्म दाखवायची होती, आणि त्या साती जणी येणार होत्या. माझा कॉम्प्युटर व्हिडिओ जोडताना धापा टाकायचा, म्हणून शनिवारी जुनं ग्राफिक्स कार्ड दुकानात देऊन मोठं, दोन पंख्यांचं कार्ड आणलं. रविवारी सकाळी बसवलं, बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे फिरले, कार्डाचे पंखे एकदा थरथरले आणि थांबले. स्क्रीन काळी. कार्ड चार वेळा काढून बसवलं. काळीच. दुकान बंद. साती जणींचे चेहरे त्या काळ्या काचेत बुडाले, असं वाटून मला रडू फुटलं.

काका वर आले. आधी त्यांनी प्लग काढला, मग चष्मा लावला. एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मुलाखती गेल्या, काका."

"त्या कशात हायत?"

"हार्ड डिस्कमध्ये."

"आन बिघडलंय काय?"

"कार्ड."

"मग शेजारचा आजारी पडला म्हणून तू का रडती?" त्यांनी कार्डाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे सहा भोकांची एक खाच होती. "ह्ये बघ, खायचं तोंड उघडं हाय. मोठं मशीन हाय, त्याला वेगळी वीज लागनारच. घास कुठाय?"

"जोडायला एकही वायर मोकळी नाही."

"का?"

मी डब्याच्या तळाशी बोट दाखवलं. तिथे जादा वायरींची नीट बांधलेली जुडी होती आणि तिच्यावर लाल टॅग. मे महिन्यात मी आत्याकडे गेले होते, तेव्हा काकांनी माझा कॉम्प्युटर साफ केला होता. सुट्या वायरी पंख्यात जाऊ नयेत म्हणून बांधल्या होत्या. 'हात लावू नये.' खाली सही.

काका टॅगकडे बघत राहिले. "तू ह्यो सकाळीच बघितला?"

"हो."

"आन काढला न्हाईस?"

"तुमचा होता."

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "सरकारचा हुकूम फाडते पोरगी, आणि यांचा पुठ्ठा फाडवत नाही तिला!"

काका हसले नाहीत. खिशातून कात्री काढून त्यांनी टॅग कापला, जुडी सोडली, त्यातला सहा टोकांचा कनेक्टर खाचेत बसवला आणि प्लग परत लावला. बटण दाबलं. पंखे फिरले आणि फिरतच राहिले. स्क्रीन उजळली. पहिली मुलाखत लावली, तर ती बाई पदर सावरत म्हणाली, "बोलू का आता?" मी काकांना मिठीच मारली. ते लाकडासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "चुकी माझी हाय. टॅगवर तारीख न्हवती. लिहून ठेव."

फिल्म तयार व्हायला तीन तास लागणार होते. तेवढ्या वेळात कुणी बटण दाबू नये म्हणून काकांनी नवा टॅग लिहिला, 'काम चालू. हात लावू नये', या वेळी तारखेसकट, आणि डब्याला अडकवला. सहाला साती जणी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काका शेवटच्या रांगेत उभे राहून बघत होते, अर्ध्या बोटांचा हात खिशात घालून.

नंतर महिन्याभरात मुलीच्या आग्रहानं काका-काकू नाशिकला राहायला गेले. त्या गडबडीत डब्यावरचा टॅग काढायचा राहिला, कॉम्प्युटर चालवायला तोंडी परवानगी तेवढी मिळाली. पिवळ्या चौकटी आता पुसट झाल्यात. तरी आम्ही चपला तिथेच काढतो. परवा त्यांचा फोन आला. हवापाणी झालं, काकूंचे गुडघे झाले, मग त्यांनी विचारलं, "टॅग हाय का गं अजून?"

"आहे की. तुम्ही आल्याशिवाय कोण काढणार?"

काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काम चालू हाय म्हनायचं."