रोबोटच्या कपाळावरचं कुंकू

मी घासलं नसतं तर बरं झालं असतं. पण घासलं.

आमच्या घरी पत्र्याचा एक रोबोट आहे. वीतभर उंच, चावी दिली की पाय घासत चालायचा. मी कापडाच्या लूमवर कामाला होतो तेव्हा तिथल्या सेठच्या पोराला त्याचा कंटाळा आला, सेठने मला दिला. आम्हाला मूलबाळ झालं नाही. बायकोच त्याला खेळवायची. संध्याकाळी चावी देऊन फरशीवर सोडायची आणि त्याची खर्र खर्र ऐकत भाकऱ्या थापायची. दसऱ्याला मी लूमचा धोटा, नट आवळायचे पाने, तेलाची बुधली पाटावर मांडली की ती रोबोटही त्यांच्या रांगेत आणून ठेवायची. म्हणायची, "यंत्रच हाय ना? मग त्याचंच कपाळ मोकळं कशाला?" आणि हळदकुंकवाचं बोट लावायची. पुसायची कधीच नाही. वर्षावर वर्ष चढून कपाळावर कुंकवाची खपली धरली होती.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. ती गेल्यावर एकदा मी चावी फिरवली, आत कट्ट झालं, तेव्हापासून तो उभाच. ती खर्र खर्र मला परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

आमचा शेजारी राहनाळ गावच्या गोडाऊनात हमाली करतो. तो म्हणाला, तसलेच रोबोट परत बनून आलेत, जुनी खेळणी जमवणारे लोक रविवारी बघायला येणार आहेत, त्यांच्यात एक बाई दुरुस्ती करते. परक्यांकडे मळका कसा न्यायचा? आदल्या दिवशी भांड्यांची पावडर आणि काथ्या घेऊन मी तो घासला. कपाळ लख्ख केलं.

गोडाऊनात टेबलावर नवे रोबोट मांडलेले. भोवती आठ-दहा माणसं, बरेचसे पांढऱ्या केसांचे, तोंडं मयतीला आल्यासारखी. रोबोट दिसायला तसाच, पण पाय प्लॅस्टिकचे आणि छातीवर कंपनीचं नाव भलतंच. एक चष्मेवाला त्या नावावर बोट आपटत होता.

"आपल्या लहानपणाला परक्याचं नाव चिकटवलंय यांनी."

"मग दोन का घेतलेस?" बाजूच्याने विचारलं.

"एक खोकं उघडायला, एक न उघडायला."

कुणी हसलं नाही. माणूस शिव्या घालतो आणि पिशवीत भरतो, हे मला काही कळेना.

मी पिशवीतून माझा काढला. चष्मेवाल्याने उलटासुलटा करून पाहिला.

"आजोबा, हा पण नवाच. पाय तेवढे जुने बसवलेत. फसवलं तुम्हाला कुणीतरी."

"मला कोण फसवतोय? माझ्या संसारात म्हातारा झालाय तो."

"मग कपाळ एवढं कोरं कसं?"

"काल घासलं मी."

दुरुस्तीवाली बाई पुढे आली. मला मुलगी असती तर एवढीच असती. तिने भिंग लावून मानेची फट बघितली.

"काका, आत हे लाल काय आहे?"

मी सांगितलं. दसरा, पाट, बायको, सगळंच सांगितलं. म्हटलं, "तुम्हा लोकांत मळ चालत न्हाय, म्हणून घासला."

"चालतो हो काका. आम्ही मळच शोधत हिंडतो. कुंकू असतं तर याला कुणी नवा म्हणालं नसतं."

मला नवाजुना ठरवून घ्यायचा नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे मोरीतून वाहून गेलेलं लाल पाणी आलं. ते तिच्या हातचं होतं.

बाई म्हणाली, "स्प्रिंग तुटलीय. मी नवी घालून देईन, चालेल तो. पण डोकं सुटं करून धुवावं लागेल. फटीत राहिलंय तेवढंही जाईल."

"न धुता न्हाय व्हायचं?"

"कण आत पडले की चाकं परत अडकणार."

मी खोक्यावर टेकलो. चष्मेवाला म्हणाला, "करून घ्या आजोबा. चालत नाही तर नुसता डबा आहे."

"डबा तर डबा. बाय, दे इकडं."

ती कापसात गुंडाळायला लागली. म्हटलं, नको, कापसाला कुंकू लागंल. रिक्षात त्याला पायांना धरून मांडीवर उभा करून आणला.

घरात आवाज नाही. लोक म्हणतात सवय होईल. मला झालेली नाही.