अधिक वाटी

मंगळवार, ७ जानेवारी २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. माझ्या वहीत या वेळेसमोर एकच ओळ आहे: ‘घटिकापात्र सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात ठेवले.’ पन्नास मिनिटांनी ते बाहेर काढले तेव्हा आतला पांढुरका, हिरवट थर पूर्ण निघाला होता आणि तांबे लखलखत होते. बुडाच्या बारीक छिद्रातून मी ब्रशचा एक केस दोनदा फिरवला, पात्र कोरडे केले आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. आधी उपकरण स्वच्छ करावे, मग मापन. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलेल्या दोन वर्षांत एवढे तरी अंगी मुरले होते.

त्या वर्षी मी एम.एस्सी. होऊन जालन्याला घरी परतले होते. विज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायचे ठरले होते, अर्ज पाठवायचे होते, आणि अर्जाला वजन यावे म्हणून स्वतःचा एक शोधनिबंध हवा होता. संस्कृतच्या निवृत्त बाई दर रविवारी आमच्या जुन्या शाळेत वाचनमंडळ भरवीत. पंधरा-वीस माणसे आठवीच्या बाकांवर गुडघे आखडून बसत. एकाने श्लोक म्हणायचा, दुसऱ्याने पदे सोडवायची, तिसऱ्याने अर्थ लावायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून तो अर्थ मोडायचा. अर्थ सांगताना ‘बहुधा’ म्हणायला बाईंची सक्त मनाई होती. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, असा त्यांचा दंडक. आता मी ज्या संस्थेत काम करते तिथे वातानुकूलित सभागृह आहे, दर गुरुवारी व्याख्यान असते, आणि प्रत्येक वक्ता दहा वेळा ‘बहुधा’ म्हणतो. अशा वेळी मला त्या बाकांची आणि आल्याच्या चहाची फार आठवण येते.

त्या हिवाळ्यात आम्ही एक जुना ज्योतिषग्रंथ वाचत होतो. त्यात जलघड्याळाचे वर्णन आले: तांब्याची वाटी, बुडाला सूक्ष्म छिद्र, पाण्यावर सोडली की हळूहळू भरून बुडते, आणि एका अहोरात्रात साठ वेळा बुडते. म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. यावर मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, “हे आमच्या हसनाबादला अजून आहे की!” ते जालन्यात सरकारी कचेरीत नोकरीला होते, शेती आणि घर गावी. त्यांच्या मुलीचे लग्न फेब्रुवारीत गावीच व्हायचे होते. गावातल्या एका वृद्ध गुरुजींच्या घराण्याने आसपासच्या लग्नांत पिढ्यान्‌पिढ्या घटिका मांडली होती. अठरा वर्षांपूर्वी कोणीतरी मांडवात भिंतीवरचे घड्याळ आणून टांगले आणि ती वाटी फडताळात गेली. आपल्या मुलीच्या लग्नात ती पुन्हा मांडावी, असा शब्द या गृहस्थांनी गुरुजींना दिला होता.

मी दुसऱ्याच दिवशी हसनाबादला गेले. गुरुजींनी लाल फडक्यात गुंडाळलेली वाटी माझ्या हातात ठेवली. आठ दिवसांसाठी ती परक्या हाती जात होती, तरी चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाले, “घंगाळात पाणी विहिरीचं घे. बुडेपर्यंत जागचं उठायचं न्हाई. आणि झालं की उलटी ठेवून वाळू दे.” आतून घासू नकोस, असे ते म्हणाले नाहीत. जी गोष्ट त्यांच्या घरात कोणी कधीच केली नव्हती, ती कोणी करील हे त्यांना सुचण्याचे कारण नव्हते.

मी सूचनेबरहुकूम विहिरीचे पाणी घेतले. दहा वेळा वाटी सोडली. सरासरी एकवीस मिनिटे पन्नास सेकंद. फरक चार सेकंदांहून अधिक कुठेच नाही. म्हणजे परंपरेतली खरीखुरी घटिका शास्त्रातल्या घटिकेहून नऊ टक्के लवकर बुडत होती. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी मी निबंधाचा सारांश एका परिषदेला पाठवून दिला.

पुढच्या रविवारी मंडळात मी आलेख दाखवला. वाटी परत न्यायला गुरुजी एसटीने आले होते आणि पहिल्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

“म्हणजे गुरुजी,” वधूपिता म्हणाले, “माझ्या बापाचं लग्न मुहूर्ताच्या आधीच लागलं म्हणा की!”

“तरीच तुम्ही असे घाईचे,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि वर्ग हसला.

हसू ओसरल्यावर वधूपिता जरा संकोचून पुढे म्हणाले, “मंग राहू द्या ना गुरुजी. मोबाइल आहेच सगळ्यांकडं. पाहुणे शहरातले हायेत, उगीच हसतील तुम्हाला.”

गुरुजींनी घंगाळ जवळ ओढायला सांगितले, फरशीवर मांडी घातली, वाटी पाण्यावर ठेवली आणि पुटपुटत एक स्तोत्र म्हणायला लागले. एक आवर्तन झाले की बोटाचे एक पेर पुढे. वाटीने तळ गाठला तेव्हा ते स्तोत्राच्या मध्येच थांबले.

“अकरावं चालू होतं,” ते म्हणाले. “बारावं संपता संपता बुडते ही.”

“वय झालं गुरुजी. म्हणणं हळू झालं असेल,” वधूपिता समजुतीच्या सुरात म्हणाले.

गुरुजींनी वाटी उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. मी शेजारीच उभी होते. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात त्यांनी विचारले, “आतून घासली का, पोरी?”

“स्वच्छ केली होती. मापनाच्या आधी.”

“बाहेरून चिंच लावतो आम्ही. आतून हात लावत न्हाई कोणी.” एवढे बोलून त्यांनी वाटी फडक्यात गुंडाळली आणि वधूपित्याला मोठ्याने म्हणाले, “खरंय तुमचं. वय झालं.”

घरी येऊन मी हिशेब मांडला. आमच्याकडच्या विहिरींचे पाणी जड. दर लग्नानंतर वाटी उलटी वाळत असे आणि छिद्राच्या कडेला क्षाराचा एक सूक्ष्म पापुद्रा मागे राहत असे. एकवीस मिनिटे पन्नास सेकंदांची वाटी चोवीस मिनिटांची व्हायला छिद्राचा व्यास डोक्याच्या केसाच्या जाडीइतका कमी झाला तरी पुरे. तेवढा थर तिथे होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते, कारण मी तो विरघळवून मोरीत ओतला होता. स्वच्छ करण्याआधी मी एकदाही वाटी सोडून पाहिली नव्हती. गुरुजींच्या आवर्तनांवरून उलटा हिशेब केला तर पूर्वीची वेळ चोवीस मिनिटांच्या जवळ येत होती. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या म्हणण्याच्या गतीला कोणताही परीक्षक पुरावा मानणार नाही. मीही मानला नसता.

मला आणि गुरुजींना सोडून हे कोणाला माहीत नव्हते, आणि गुरुजी बोलणार नव्हते. मी गप्प राहिले असते तर निबंध तसाच उभा राहिला असता, आणि अठरा वर्षांनी बाहेर निघालेली वाटी माझ्या नऊ टक्क्यांमुळे पुन्हा फडताळात गेली असती. मी दोन दिवस गप्प राहिले, हेही इथे नोंदवले पाहिजे. बुधवारी परिषदेला कळवून सारांश मागे घेतला, बाईंना सगळे सांगितले, आणि गुरुवारी आम्ही दोघी हसनाबादच्या एसटीत बसलो. बाई वाटेत मला रागावल्या नाहीत. त्यांनी तिकीट काढले आणि खिडकीकडची जागा मला दिली.

वधूपिता लग्नाच्या तयारीसाठी गावी आलेच होते. गुरुजींच्या ओट्यावर त्यांच्यासमोर मी सगळे सांगितले: दोष वाटीचा नाही, गुरुजींच्या वयाचा नाही, माझा आहे.

“मंग आता वाटी बिघडली म्हणायची?” वधूपित्याने विचारले.

“छिद्राला थोडे मेण लावून वेळ जुळवता येईल,” मी घाईने सुचवले.

“मेणाचं काय खरं? ऊन लागलं की गेलं,” गुरुजी म्हणाले. “पुन्हा क्षार धरायला तुझ्या नातवंडांची लग्नं लागतील. तुझं माप पक्कं आहे का, ते सांग.”

“पक्कं आहे. चार सेकंद इकडे-तिकडे.”

“मंग अशा अकरा वाट्या म्हणजे किती?”

मी मनात गुणाकार केला. “दोनशे चाळीस मिनिटं, दहा सेकंद.”

“म्हणजे दहा घटिका.” ते बोटांच्या पेरांकडे पाहत होते. “चांद्र महिने तोकडे पडले की पंचांगात काय करतात? एक अधिक धरतात. तशी ही अधिक वाटी. बुडवायची, पण मोजायची न्हाई.”

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या घरातून कोणीतरी डोकावले. तीन दिवस मी छिद्र कसे बुजवावे याचा विचार करत होते. उपकरणाला हात न लावता गणना दुरुस्त करावी, ही आमच्याही शास्त्रातली पहिल्या वर्षाची रीत, आणि ती मला सुचली नव्हती.

“मुहूर्त सूर्योदयापासून दहाच घटिकांवर आहे,” गुरुजी वधूपित्याला म्हणाले. “तुम्ही म्हणाल तर मांडतो.”

“आणि चुकली तर?”

“तर ही पोरगी आहे की. हिच्यावर टाका अक्षता.”

वधूपित्याने हात जोडले. “मांडा गुरुजी.”

लग्नाच्या दिवशी सूर्योदय सहा छप्पन्नचा. मांडवाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात घंगाळाला हळदकुंकू लावून गुरुजींनी वाटी सोडली, आणि पुढचे चार तास ते जागचे उठले नाहीत. एक वाटी बुडाली की ताम्हनात एक सुपारी. अकरावी सुपारी त्यांनी आधीच वेगळी काढून पानावर ठेवली होती. बायका नमस्कार करून जात, मुले घंगाळाच्या काठावर वाकून वाटी कुठवर भरली ते ओरडून सांगत. मी मागे मोबाइल आणि वही घेऊन बसले होते. आज माझ्या टेबलावरचे घड्याळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत बिनचूक आहे. पण पाणी काठाशी येऊन वाटी क्षणभर थरथरते आणि गुळुक्‌ आवाज करून खाली जाते, तेव्हा सगळ्या मांडवाने रोखलेला श्वास त्या घड्याळात ऐकू येत नाही.

शेवटची वाटी अर्धी भरली तेव्हा मुहूर्ताला दहा मिनिटे उरली होती आणि नवरदेव मारुतीच्या देवळापुढे डीजेसमोर अडकला होता. वधूपिता अनवाणी धावत होते. “अहो जल्दी करा! नाचणं नंतर करा ना बाबा!” कोणी ऐकेना.

वाटी बुडाली. गुरुजी गुडघ्यांवर हात देऊन उभे राहिले आणि मांडवाकडे तोंड करून खणखणीत आवाजात त्यांनी वेळ झाल्याचे सांगितले. मांडवात तेव्हा आचारी, काही म्हाताऱ्या आणि बाई एवढेच होते. म्हाताऱ्यांनी रिकाम्या बोहल्यावर अक्षता टाकल्या. नवरदेव त्यानंतर पस्तीस मिनिटांनी आला.

“वाटी बराबर आली हो गुरुजी,” घाम पुसत वधूपिता म्हणाले. “जावईच लेट निघाला! धाकटीच्या लग्नातही तुम्हीच मांडायची.”

“बघू. आधी जावई वेळेवर येणारा शोधा,” गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “किती?”

“दहा छप्पन्न, वर बावन्न सेकंद.”

“दहा वेळा उचलून पुन्हा ठेवली मी. त्याचे धरले का?”

मी ते धरले नव्हते. दहा सेकंद वाटीचे. उरलेले बेचाळीस त्यांच्या हातांचे, प्रत्येक खेपेला चारच्या आसपास. तेवढा हिशेब समासात लिहिला आणि त्याखाली नोंद केली: अकरा वाट्या, पैकी एक अधिक, मुहूर्ताहून फरक ५२ सेकंद.